सासूबाईंच्या गोळीने घरातलं गजकर्ण जाईल का?

कळव्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई ३९ वर्षांच्या आहेत. यजमान रबाळे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. दीड वर्षापूर्वी यजमानांच्या जांघेत गजकर्ण उठलं. आधी मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की चार दिवसांत खाज थांबायची, सोडली की दुपटीने परत यायची. मग जवळचे डॉक्टर झाले, आणखी एक झाले, शेवटी त्वचारोगतज्ज्ञ. टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनाभर घेतल्या, नंतर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल पंधरा दिवस. आता ताईंच्या कमरेवर आणि १२ वर्षांच्या मुलीच्या मांडीवरही चट्टे आहेत. दीर तुर्भ्याला औषध कंपनीत आहेत. त्यांनी एक लेख पाठवला. औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवर दुसऱ्या आजारांची जुनी औषधं चालतात, असं त्यात होतं, आणि उदासीनतेवरची सर्ट्रालिन व कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन यांची नावं होती. या दोन्ही गोळ्या घरातच आहेत, कारण सासूबाई त्या घेतात. यजमान चार दिवसांपासून सासूबाईंच्या डबीतली अर्धी सर्ट्रालिन घेत आहेत. सासूबाईंना याचा पत्ता नाही.

ताई विचारतात, "औषध जुनंच आहे, इतके लोक घेतात, मग घेऊन बघायला काय हरकत? खरं असेल तर डॉक्टर सांगत का नाहीत? कंपन्यांना फायदा नाही म्हणून का? मुलीला पाव गोळी देऊन बघू, असं हे म्हणतात. मला भीती वाटते, पण कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

ताई,

मुलीला ती गोळी देऊ नका. पाव नाही, कणभरही नाही. सर्ट्रालिन मेंदूवर काम करणारं औषध आहे. मुलांमध्ये आणि तरुण वयात ते सुरू करताना मनात टोकाचे विचार येतात का, यावर डॉक्टर बारीक लक्ष ठेवतात. खाजेसाठी घरच्या घरी द्यायची ती वस्तू नव्हे. यजमानांनाही आज रात्रीपासून थांबवा. अर्ध्या गोळीच्या चार दिवसांनी फार काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना हे सांगायचंच, आणि मधे छातीत धडधड, चक्कर किंवा विलक्षण अस्वस्थता वाटली तर वाट न बघता दाखवायचं.

तिसरी गोष्ट सासूबाईंची. त्यांच्या डबीतल्या गोळ्या मोजा आणि कमी पडत असतील तर आजच आणून ठेवा. सासरे गेल्यानंतर त्या गोळीच्या आधाराने त्या उभ्या राहिल्या, असं तुम्हीच लिहिलं आहे. ती अचानक तुटली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं हे दोन-चार दिवसांत सुरू होऊ शकतं, आणि कारण कुणालाच कळणार नाही. या सगळ्या प्रकरणात सर्वांत आधी इजा होईल ती त्यांना, म्हणून हे आधी लिहिलं.

आता सावकाश बोलू. तुमच्या यजमानांवर मी रागावलेली नाही. मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. त्या काळात पाहिलं की माणूस दुखणं चारचौघांत सांगतो, पण जांघेतली खाज कुणाला सांगत नाही. आठ तास कारखान्यात घामाने भिजलेली पँट, मग गर्दीची ठाणे-वाशी लोकल, उभं राहायलाही जागा नाही आणि खाजवायचीही सोय नाही. असं दीड वर्ष काढलेला माणूस मिळेल ती गोळी तोंडात टाकतो. हा त्याचा मूर्खपणा नाही, तो थकला आहे.

तुमच्या दिरांनी पाठवलेलं खोटंही नाही. जुन्या औषधाला नवं काम देणं ही औषधशास्त्रातली मान्य वाट आहे, आणि बुरशीच्या बाबतीत तर तिची गरज फार मोठी आहे. जंतू आपल्यापासून फार वेगळे असतात, बुरशी तशी नाही. पेशींच्या रचनेने ती आपली लांबची भाऊबंदच आहे. तिला मारणारं विष बहुधा आपल्यालाही बाधतं, म्हणून बुरशीवरच्या औषधांचे मूळ प्रकार एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. त्यांतल्या एकाला बुरशी सरावली की मागे उरतं फार थोडं. २०२१ मध्ये करोनानंतर काळी बुरशी आली तेव्हा अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी ठाण्या-मुंबईत माणसं कशी वणवण फिरली, ते आपण पाहिलं आहे. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने सर्वाधिक काळजीच्या १९ बुरशींची यादी पहिल्यांदा काढली. नवं औषध शून्यापासून बनवायला वर्षानुवर्षं लागतात. ज्याचा माणसातला वापर माहीत आहे असं जुनं औषध उपयोगी पडलं तर अर्धी वाट आधीच सरलेली असते. शास्त्रज्ञ यामागे लागले आहेत ते म्हणून.

यातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. फ्लुसायटोसिन नावाचं औषध १९५७ मध्ये कर्करोगासाठी तयार झालं. कर्करोगावर ते चाललं नाही. पुढे साठच्या दशकात लक्षात आलं की ते बुरशी मारतं. कारण फार सुंदर आहे. काही बुरशींच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) असतं, ते फ्लुसायटोसिनचं रूपांतर फ्लुरोयुरॅसिलमध्ये करतं. फ्लुरोयुरॅसिल म्हणजे कर्करोगाच्या केमोथेरपीत वापरतात तेच. आपल्या पेशीत ते विकर नाही. म्हणजे बुरशी स्वतःच्या हाताने स्वतःपुरतं विष तयार करते. आज मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीवर हे औषध जीव वाचवतं. पण त्यासोबतचा नियमही मी तेवढ्याच आग्रहाने शिकवत असे: ते एकटं दिलं तर बुरशी झपाट्याने त्याला सरावते, म्हणून ते दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात. नवं काम मिळालं ते असं, किती, कुणाला, कशाच्या जोडीने हे सगळं नव्याने शोधल्यावर.

आता सर्ट्रालिनकडे येऊ. ती प्रयोगशाळेत बुरशी मारते हे खरं आहे. काचेच्या ताटलीत मारते, उंदरांतही थोडी आशा दिसली. माणसांतल्या सुरुवातीच्या लहान अभ्यासातही बरं चित्र दिसलं. म्हणून युगांडात, एचआयव्हीबरोबर क्रिप्टोकॉकसची मेंदूज्वरासारखी बाधा झालेल्या ४६० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळालेच. वर निम्म्यांना सर्ट्रालिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला. १८ आठवड्यांत सर्ट्रालिनच्या गटात शंभरातले ५२ गेले, दुसऱ्या गटात ४६. म्हणजे फायदा काहीच दिसला नाही. व्हिएतनाममध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनचं असंच झालं. ताटलीत चाललं, पण ५० रुग्णांच्या चाचणीत उपयोग झाला नाही, उलट हृदयाच्या विद्युत आलेखात काळजीचे बदल दिसले.

दिरांच्या लेखात ताटलीपर्यंतची गोष्ट असेल, युगांडापर्यंतची नसेल. लेख लिहिणाऱ्याने मुद्दाम लपवलं असेल असं नाही. ताटलीतली बातमी उत्साहाची असते म्हणून ती फिरते, आणि नंतरची निराशेची बातमी कुणी पुढे पाठवत नाही.

असं का होतं? ताटलीत बुरशी एकटी असते, अंगात ती आपल्यासोबत असते. ताटलीत फिनाईल ओतलं तरी ती मरेल. प्रश्न असतो की माणसाला न बाधणाऱ्या मात्रेत, बुरशी जिथे बसली आहे त्या जागी, औषध पुरेसं पोहोचतं का. सर्ट्रालिन रक्तात गेली की तिचा बहुतेक सगळा भाग प्रथिनांना चिकटून राहतो. मोकळा उरतो तो फार थोडा. शिवाय गजकर्णाची बुरशी राहते त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात. तिथे रक्तवाहिन्याच नाहीत. टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल त्या थरात साठून राहतात, म्हणून ती गजकर्णाची औषधं ठरली. सासूबाईंच्या अर्ध्या गोळीने यजमानांच्या जांघेतल्या बुरशीला तिची वर्दीही लागणार नाही.

स्टॅटिनची गोष्ट याहून धोक्याची आहे. बुरशीच्या पेशीच्या पातळ पडद्यातलं एर्गोस्टेरॉल आणि आपलं कोलेस्टेरॉल यांच्या निर्मितीची सुरुवात एकाच वाटेने होते. स्टॅटिन ती वाट अडवतं, म्हणून प्रयोगशाळेत ते इट्राकोनाझोलच्या गटाच्या औषधांना मदत करताना दिसतं. लेखात बहुधा हेच "जोडीने जास्त गुणकारी" असं आलं असेल. पण माणसाच्या अंगात ही जोडी वेगळंच करते. ज्या यंत्रणेने यकृत स्टॅटिन निकामी करतं, तीच इट्राकोनाझोल बंद पाडतं. सिमव्हास्टॅटिनसारख्या औषधाचं प्रमाण रक्तात कित्येक पट चढतं, स्नायू विरघळू लागतात आणि त्याचा मारा मूत्रपिंडांवर होतो. म्हणून सिमव्हास्टॅटिन आणि इट्राकोनाझोल एकत्र देऊच नयेत असा नियम आहे. इतर काही स्टॅटिनबाबतही सावधगिरी लागते. ताटलीत जी जोडी गुणाची, ती माणसात अपायाची. "जुनंच तर आहे" या तुमच्या वाक्याला माझं एवढंच उत्तर आहे, ताई. जुनं औषध सुरक्षित असतं ते त्याच्या जुन्या आजारात, जुन्या मात्रेत, ठरलेल्या माणसात. यांतलं काहीही बदललं की त्याची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते.

डॉक्टर सांगत नाहीत ते कंपन्यांमुळे का? तुमच्या शंकेत अर्धं तथ्य आहे. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर मोठी चाचणी करायला पैसा घालावा असं कंपनीला सहसा वाटत नाही, आणि त्यामुळे काही चांगल्या कल्पना खरोखर पडून राहतात. हे मला फार लागतं. पण युगांडातली चाचणी सार्वजनिक निधीतून झाली, कुणाच्या नफ्यासाठी नाही, आणि तिचं नकारात्मक उत्तरही जगापुढे ठेवलं गेलं. तुमचे डॉक्टर सर्ट्रालिन देत नाहीत कारण ती तपासून झाली आणि उपयोगी ठरली नाही.

मला मात्र तुमच्या पत्रातली दुसरीच एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिता, "सगळी औषधं फेल गेली." ती खरंच फेल गेली का?

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की यजमान ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पँटोप्राझोल घेतात आणि पहिल्या पाळीला निघायच्या घाईत कॅप्सूलही तेव्हाच, रिकाम्या पोटी, घेत होते. ताई, इट्राकोनाझोलची नेहमीची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. ती जेवणाबरोबर घ्यायची असते. पँटोप्राझोल आम्ल कमी करतं. म्हणजे पंधरा दिवसांच्या महागड्या कॅप्सूलमधलं औषध बरंचसं अंगात शिरलंच नसेल. याला बुरशी सरावणं म्हणता येणार नाही. काही नव्या बनावटीच्या कॅप्सूलना आम्लाची इतकी गरज नसते, म्हणून जुनी स्ट्रिप जपून ठेवली असेल तर डॉक्टरांना तीच दाखवा. आणि पंधरा दिवस हेही थोडेच. आपल्याकडच्या सध्याच्या गजकर्णाला अनेकदा दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त उपचार लागतात, आणि त्वचा साफ दिसल्यावरही काही दिवस ते चालू ठेवावे लागतात.

दुसरा संशय त्या ट्यूबवर. लावताच खाज थांबते आणि सोडताच दुपटीने येते, हे वर्णन स्टेरॉइडचं आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, त्यामुळे बरं वाटतं. पण त्याच वेळी त्वचेची राखण ढिली पडते आणि बुरशी आत निवांत पसरते. चट्ट्याची गोल कड पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखायला कठीण जातं. जांघेसारख्या नाजूक जागी महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन पांढरट भेगांसारखे वळ उठतात, ते कायमचे राहतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, तरी ती हातोहात मिळतात हे तुम्ही-आम्ही जाणतो. घरातल्या सगळ्या ट्यूब एका ताटात काढा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन असं "सोन"ने संपणारं नाव, किंवा क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन दिसलं की ते स्टेरॉइड. बंद केल्यावर काही दिवस लाली आणि जळजळ भडकू शकते. त्याला घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावू नका, डॉक्टरांना गाठा.

तिसरी शक्यता घरभर पसरलेली. यजमानांवर उपचार झाले तेव्हा तुमच्या कमरेवर काही नव्हतं का, की होतं आणि तुम्ही पदराआड ठेवलंत? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बायका बहुधा हेच करतात म्हणून विचारते. एक बरा व्हायचा आणि दुसऱ्याकडून परत घ्यायचा, असं कित्येक घरांत चालतं. तिघांनी एकाच दिवशी जायचं, एकाच वेळी उपचार सुरू करायचे. सासूबाईंनाही एकदा तपासून घ्या.

एवढं सगळं नीट होऊनही चट्टे हटले नाहीत, तर बुरशी खरोखर सरावलेली असू शकते. तेही खरं आहे, मी ते कमी लेखत नाही. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी फार पसरली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला हे नाव दिलं आणि त्यात "इंडो" आहे ते आपल्यावरूनच. टर्बिनाफिन ज्या विकराला धरतं, त्या विकराची घडणच तिच्या काही वाणांत बदलली आहे. कुलूप बदललं की जुनी किल्ली फिरत नाही, तसं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांत ती सापडल्याची नोंद झाली तेव्हा तिथे बातमी झाली, आपल्याकडे त्याआधीपासून घरोघरी तिचा त्रास सुरू होता. बहुतेक वेळा अशा बुरशीवर इट्राकोनाझोल अजून चालतं. म्हणूनच ते औषध तुमच्या घरात नीट घेतलं गेलं का, याच्यावर मी इतकी अडून बसले आहे.

मग करायचं काय? त्वचारोग विभागात जा. तुमच्या कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. नवी मुंबईच्या वाचकांना वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा नेरूळ, कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळ पडतील. डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ते काम काही मिनिटांचं, बुरशी आहे की नाही एवढं त्यातून कळतं. ती कोणती हे कळायला कल्चर लागतं, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघावी लागते, आणि त्याला दोन ते चार आठवडे जातात. कोणतं औषध चालेल याची चाचणी सगळीकडे होत नाही, म्हणून जायच्या आधी फोन करून विचारा. हेही विचारा की नमुना देण्याआधी मलम किती दिवस बंद ठेवायचं, कारण मलम लावलेल्या चट्ट्यातून बुरशी उगवतच नाही आणि अहवाल फसवा येतो. जाताना आतापर्यंतच्या चिठ्ठ्या, स्ट्रिप, ट्यूब पिशवीत घालून न्या. पँटोप्राझोलचं, चार दिवसांच्या सर्ट्रालिनचं, रक्तदाबाची गोळी असेल तर तिचं नाव सांगा. इट्राकोनाझोल हृदय कमजोर असलेल्यांना देत नाहीत, आणि लांब कोर्समध्ये यकृताची तपासणी लागू शकते. मुलीची मात्रा वजनावर ठरते, तुमच्या गोळीचा तुकडा म्हणजे तिचं औषध नव्हे.

एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा: "हे औषध किती दिवस, जेवणाआधी की नंतर, आणि कधी परत दाखवायचं?" गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. पण हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, आणि कित्येक कोर्स याच उत्तराअभावी वाया गेलेले मी पाहिले आहेत.

घरात कपड्यांकडे बघा. पावसाळ्यात आपल्या फ्लॅटमध्ये कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि तसेच अंगावर चढतात. यजमानांची कामावरची पँट, आतले कपडे, मोजे वेगळे धुवा. मशीनला ६० अंशांची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर कडक गरम पाण्यात भिजवून मग धुवा. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर आणि इलॅस्टिकवर. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. जीन्स आणि घट्ट लेगिंग काही महिने नकोत. आंघोळीनंतर जांघ, काख, कंबर कोरडी करूनच कपडे. साबण लावून खसाखसा घासण्याने काही होत नाही, उलट कातडी सोलवटते.

ज्यांना वाटतं की आपल्यावर आता कुठलंच औषध चालत नाही आणि नव्या प्रयोगाची वाट बघायला हवी, अशा वाचकांसाठीही सांगते. जुन्या औषधांवरचे प्रयोग चालू आहेत आणि त्यात सहभागी होण्याची सरळ वाट आहे. भारतातल्या चाचण्यांची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत होते. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि इंटरनेटवर कुणालाही बघता येते. कुणी "नवा उपचार करून बघू" म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून सांगतात, चाचणीतल्या औषधाचे पैसे घेत नाहीत, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद असते, आणि मधेच बाहेर पडता येतं. यातलं काही नसेल आणि कुणी पैसे मागत असेल, तर उठून घरी या.

"कोणत्या तोंडाने नाही म्हणू" हा तुमचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो मला सगळ्यात अवघड वाटला. दिरांना चूक ठरवलंत तर ते पुढचा लेख पाठवतील. त्यापेक्षा त्यांना काम द्या. त्यांना लेबलं वाचता येतात. त्या सगळ्या ट्यूब आणि इट्राकोनाझोलची स्ट्रिप त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "भाऊजी, यात स्टेरॉइड कशात आहे ते सांगा, आणि या कॅप्सूलबरोबर पँटोप्राझोल चालतं का बघा." औषध कंपनीतला माणूस ते दहा मिनिटांत शोधून काढेल, आणि मग यजमानांना सांगायला तुम्हाला एकटीला लागणार नाही. यजमानांना मात्र रात्री, मुलगी झोपल्यावर, एवढंच म्हणा की तुमची कॅप्सूल वाया गेली असावी, आपण तिघं मिळून पुन्हा नीट घेऊ. तुम्हीही खाजवता हे त्यांना माहीत असू द्या. दीड वर्ष ते हे एकट्याचं दुखणं समजत आहेत.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हा निर्णय तुमचा. मी असते तर सांगितलं असतं, आणि यजमानांनाच सांगायला लावलं असतं. गोळ्या कमी का झाल्या या कोड्यात, आपलं डोकं चालेनासं झालंय का, अशी शंका त्यांच्या मनात येऊ नये.

मुलीला आठवडाभर पीटीच्या तासाला सुट्टी मागून घ्या, कारण विचारलं तर "त्वचेचं औषध चालू आहे" एवढं पुरे. तिचा टॉवेल उद्याच वेगळ्या खुंटीवर लावा. कल्चरचा अहवाल आला की मला पुन्हा लिहा, मी वाट बघते आहे.